मापाची काडी

माझ्या आईला लांबट आणि बारीक असं काहीही दिसलं की ती त्याला काडी म्हणते. आगपेटीतली काडी ती काडीच. उदबत्ती म्हणजे वासाची काडी, थर्मामीटर म्हणजे तापाची काडी, दोन्ही टोकांना कापूस लावलेली ती कानाची काडी. शेजारच्या पोरीनं फोन लावून फोटो काढायचा दांडा आणला, तेव्हा आईनं तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "ही कसली गं काडी?" छत्रीला काड्या असतात, खराट्याला काड्या असतात, आणि कुणी भांडण लावलं की त्यानं काड्या केलेल्या असतात. मी लहानपणी इतकी उंच आणि इतकी वाळकी होते की वर्गातल्या पोरी मला तुराटी म्हणायच्या. मी रडत घरी आले की आई म्हणायची, त्यात रडायचं काय, तुराटी पण काडीच की.

तुराटी म्हणजे तुरीचं वाळकं खोड. शेंगा झोडून झाल्या की उरतं ते. आई माण तालुक्यातली. तिच्या माहेरी शेतात दुसरं काही येवो न येवो, बांधाकडेला तुरीच्या ओळी असायच्या आणि त्यांच्या तुराट्यांवर निम्मं घर चालायचं. चुलीत तुराट्या, परड्याला कुंपण तुराट्यांचं, अंगण झाडायचा खराटा तुराट्यांचा. करडं हाकायला तुराटी आणि पोरांच्या पोटऱ्यांवर ओढायलाही तीच. न्हाणीला आडोसा म्हणून तुराट्या उभ्या करून त्यांवर शेण लिंपलेलं असायचं. त्याला कूड म्हणतात.

त्या कुडाबद्दल सांगायलाच हवं. घरातली पुरुषमाणसं जेवून उठली की हात धुवायला न्हाणीपाशी जायची आणि जाता जाता कुडातली एक काडी मोडून दात कोरत ओट्यावर बसायची. रोज एकेक काडी. त्यामुळं न्हाणीच्या कुडाला बरोबर पुरुषाच्या हाताच्या उंचीवर भोकं पडलेली असायची. आत आंघोळीला बसलेल्या बाईनं काय करायचं, हा विचार दात कोरणाऱ्यांच्या डोक्यात कधी आला नाही. मी सुट्टीत तिथं गेले की त्या भोकांत चिंध्या कोंबून मग पाणी घ्यायची. वर पुन्हा कोरून झालेल्या काड्या ओट्याखाली पडलेल्या असायच्या, टोकं ओली, चघळून फेसाटलेली. अनवाणी पायाखाली त्यातली एखादी आली की मी पाय घासून घासून धुवायची. मला तेव्हापासून ओल्या काडीची किळस आहे. लोक झुरळाला घाबरतात, पालीला घाबरतात, तशी ती माझी एक खोड आहे असं समजा.

तुराटीचा आणखी एक उपयोग होता, तो मापाचा. बाजाराला एकच माणूस जायचा आणि चपला सगळ्यांना हव्या असायच्या. मग पोराला जमिनीवर उभं करायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी लावायची आणि तेवढी मोडून खिशात टाकायची. दुकानदार ती काडी चपलेवर ठेवून बघायचा. आईच्या सगळ्या चपला अशाच आल्या. बांगड्यांचं, चौकटीचं, अगदी पाळण्याच्या दोरीचंही माप काडीवर गेलेलं तिनं बघितलं होतं. माणसाला जाता येत नसेल तर त्याची काडी जायची आणि तिच्यावर विश्वास ठेवला जायचा. यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट मी ही गोष्ट आमच्या कारखान्यात कौतुकानं सांगितली आहे.

मी कुपवाडला कामाला आहे. डिप्लोमा करून लागले. मशीनवरून निघालेल्या भागांची मापं तपासायची, बसलं तर पुढं पाठवायचं, नाही बसलं तर लाल डब्यात टाकायचं, एवढंच माझं काम. आई सांगलीच्या बाजारात हळद निवडायला जाते. वडील मी शाळेत असतानाच गेले. आम्ही दोघी कुपवाडलाच दोन खोल्यांत राहतो. आईची बोटं बाराही महिने पिवळी असतात आणि तिनं केलेल्या पोळीलासुद्धा कधी कधी हळदीचा वास येतो.

उंच पोरीचं लग्न जमणं हा काय प्रकार असतो, ते उंच पोरींनाच ठाऊक. फोटोत मी बसलेली असेपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं. उभी राहिले की समोरचे एकमेकांकडं बघतात. "पोरगी चांगली आहे हो, पण जरा..." आणि मग हात हवेत वर जातो. दोन-चार वेळा हे झाल्यावर मी एक नियम केला. कुठलंही स्थळ आलं की नावगावाच्या आधी उंची सांगून टाकायची. फुकट कुणाचे पोहे वाया घालवायचे नाहीत.

त्यामुळं माझ्या मामानं दहिवडीकडचं स्थळ आणलं, तेव्हा मुलाच्या पहिल्याच फोनला मी उंची सांगितली. मुलगा मुंबईत माल पाठवणाऱ्या कंपनीत होता. त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून भेट होत नव्हती, पण फोन रोज व्हायचा. मी उंची सांगितल्यावर तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं झालं. वरच्या फळीवरचे डबे तूच काढशील. आमच्या घरात त्यासाठी स्टूल लागतं." मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसले. माझ्या उंचीवर इतक्या वर्षांत कुणी असं साधं बोललं नव्हतं. मला तो आवडला, त्या एका वाक्यानं आवडला. पुढं दोन महिने आम्ही बोलत राहिलो. डबा काय होता, साहेब काय म्हणाला, खोलीतल्या नळाला पाणी आलं का, असलंच सगळं. पण मला ते हवंहवंसं झालं होतं. हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं आणि आईला तर माझ्यापेक्षा जास्त.

मुलाला रजा मिळेना म्हणून त्याच्या घरच्यांनी पुढं होऊन बघून जावं असं ठरलं. एका रविवारी त्याची आत्या आणि थोरले चुलते गाडी करून आले. बरोबर मामा. आत्या ठसठशीत, बोलायला मोकळी, गळ्यात बोरमाळ. चुलते खूप वयाचे, पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायाला धूळ. गाडीतून उतरताना आत्यानं मागच्या सीटवरून काहीतरी लांबलचक बाहेर ओढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मधे दोन ठिकाणी सुतळी. मला वाटलं, गावाकडनं शेवग्याच्या शेंगा आणल्यात. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती घ्यायला पुढं झाली.

"असूं द्या, असूं द्या," आत्या म्हणाली. "लागणार हाय ती मागनं."

तिनं सुतळी सोडून कागद काढला. आत तुराटी होती. सरळ, सोललेली, फांद्या तासून गुळगुळीत केलेली. ती तिनं चुलत्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर आडवी ठेवली आणि पदर सावरून पलंगावर बसली. मी आतल्या खोलीत साडी नेसत होते, दारातून हे सगळं दिसत होतं. मामा आत आला आणि हळूच आईला म्हणाला, "पोराचं माप हाय गं. कानाच्या पाळीपतूर. पोरगी त्येच्या वर जाया न्हाई पायजे, त्येंच्यात बघत्यात."

 आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आंबाडा सोड. येणी घाल चापून."

मी अंबाडा सोडला. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी राग आला नाही, हसू आलं. चपलेची काडी माहीत होती, चौकटीची माहीत होती, नवऱ्याची काडी पहिल्यांदाच बघत होते. शिवाय हिशेब माझ्या बाजूचा होता. त्यानं मला त्याची उंची सांगितली होती, मी त्याला माझी. त्याच्या कानाच्या पाळीखाली मी आरामात बसत होते. जास्त नाही, पण बसत होते.

आईनं भडंग केलं होतं. सांगलीचं म्हणून पाहुण्यांना भडंगच हवं असतं. वर तळलेला लसूण, भरपूर शेंगदाणे, बरोबर चहा. मी ताटल्या दिल्या, पाया पडले आणि समोरच्या स्टुलावर बसले. आत्यानं विचारायचं ते विचारलं. चष्मा आहे का. रात्रपाळी असते का. पाय सरळ कर बघू. मी पाय सरळ केला. तिनं साडी घोट्याच्या वर एक वीत उचलून बघितली, जशी आई बाजारात पोत्याचं तोंड उघडून हळद बघते. मामा मान डोलवत बसला होता.

चुलते बोलत नव्हते. ते मन लावून भडंग खात होते. खाऊन झाल्यावर त्यांनी जीभ गालात फिरवली, ओठ वर ओढले, एक दाढ बोटानं चाचपली. बोट खोल गेलं आणि तसंच परत आलं. मग त्यांनी न बघता खुर्चीच्या कडेनं हात खाली सोडला. त्यांच्या हाताला तुराटीचा शेंडा लागला. त्यांनी तो बोटभर मोडला.

अगदी न बघता. आयुष्यभर कुडाच्या शेजारी बसलेल्या माणसाचा तो हात होता. त्याला काडी लागली, त्यानं मोडली, एवढंच. आत्या तेव्हा मामाला जमिनीचं काही सांगत होती. तिनं बघितलं नाही, मामानं बघितलं नाही. मी बघितलं. आतल्या दारात उभ्या असलेल्या आईनं बघितलं.

मग ते कोरणं सुरू झालं. काडी एका दाढेतून दुसऱ्या दाढेत. तोंडातून च्यक च्यक आवाज. मधेच बाहेर काढून टोकावर काय आलंय ते बारकाईनं बघायचं, ते जिभेनं टिपायचं आणि पुन्हा आत. माझ्यासमोर हातभर अंतरावर. मी नजर खाली घातली तरी आवाज थांबत नव्हता. मग आवाज थांबला म्हणून वर बघितलं, तर तीच काडी आता उलटी होऊन कानात गेली होती. डोळे मिटून, मान तिरकी करून, सुखानं चाललं होतं. कानातून काढून त्यांनी ती सदऱ्याला पुसली, आणखी एकदा दाढेला लावून बघितली आणि खुर्चीखाली टाकून दिली. मला वाटलं, मी इथंच ओकणार. पोरीला बघायला आलेत म्हणून पोरीनं किती काय बघायचं?

"चला, तेवढं उरकून टाकू," आत्या उठली. "उभी ऱ्हा गं पोरी. पाठ लाव चौकटीला."

मी उभी राहिले. आत्यानं तुराटी उचलली, माझ्या टाचेशी टेकवली आणि सरळ उभी धरली. मग तिनं तेलकट तळहात माझ्या डोक्यावर ठेवून केस दाबले. चांगलेच दाबले. मान आत गेली. तरी माझं डोकं काडीच्या वर राहिलं, थोडंसं. तिनं पुन्हा दाबलं.

"आगं बया," ती म्हणाली. "ही तर वर जातीया."

"आं? बगा की नीट," मामा म्हणाला.

"नीटच बगतीया. घरनं पोराला भितीला उभा करून, चार माणसांदेखत कापलीया काडी. खोटी न्हाई हुयाची ती. पोरगी चांगली हाय ओ तुमची, लय चांगली हाय. पर जोडा दिसाया पायजे."

चौकटीला पाठ लावून मी तशीच उभी होते. कारखान्यात लाल डब्यात टाकलेला भाग पुन्हा एकदा तपासून बघा असं कुणी म्हणत नाही. मी चुलत्यांकडं बघत होते. ते आत्याच्या हातातल्या काडीकडं बघत मान हलवत होते, अगदी खऱ्या वाईट वाटलेल्या माणसासारखे. आपण काय केलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला बोलायला तोंड होतं. पण तोंड उघडलं की आधी शब्द बाहेर येतील की भडंग, याची खात्री नव्हती.

आई बोलली. "आवं ताई, काडी मोडलीया ती. वरनं मोडलीया. दादांनी दात कोराया घेतली आत्ता."

"काय बोलताय!"

"मी?" चुलते दचकले. "मी न्हाई बा. मी कशाला मोडीन पोराची काडी?" आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. दात कोरायची काडी आणि पोराच्या मापाची काडी या त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू होत्या.

"आवं घडतंय तसं," आई हसऱ्या तोंडानं म्हणाली. "आमच्या बापानं बी बाजारच्या वाटंवर माज्या चपलंचं माप असंच दातात घातलं हुतं. वरीसभर टाच बाहीर ठिऊन हिंडले मी."

आत्या हसली नाही. "बाई, रागवू नका. पर असं कुनी बी म्हनंल. घरनं निगाल्याली काडी हाय."

तेव्हा आई खाली बसली. गुडघे टेकून, चुलत्यांच्या धुळकट पायांपाशी, तिनं खुर्चीखाली हात घातला. चाचपडली. आणि ती काडी बाहेर काढली. टोकं ओली होती, एका बाजूला चघळून फेसाटलेलं, दुसऱ्या बाजूला कानातलं पिवळं काहीतरी लागलेलं. तिनं पदरानं ती वरवर पुसली, मोडलेल्या टोकाशी लावली, थोडी फिरवली आणि धागे धाग्यांत बसले. मग दोन बोटांच्या चिमटीत तो जोड घट्ट धरून ती माझ्याशेजारी उभी राहिली.

"आता बगा," ती म्हणाली.

आत्यानं वाकून बघितलं. वाकताना तिनं पदर नाकाला लावला. ज्या काडीवर ती माझी लायकी ठरवत होती, तिला बोट लावायची तिची तयारी नव्हती. तिनं लांबूनच बघितलं, माझ्या डोक्याकडं बघितलं, जोडाकडं बघितलं.

"व्हय की गं," ती म्हणाली. "बसतंय की. बसतंय माप."

सगळे एकदम हसायला लागले. मामा सगळ्यात मोठ्यानं. चुलतेही हसले, कान पकडून म्हणाले, "सवय हाय ओ. काडी दिसली की दातात." आत्यानं माझ्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि पोरगी पसंत म्हणून सांगितलं. आई हसत होती. ते हसू मला बघवेना. ओठ ताणलेले, डोळ्यांत पाणी, आणि चिमटीत अजून ती घाण. मी तेव्हा मनातल्या मनात आईला जे काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला चुलत्यांची किळस आली नव्हती इतकी त्या क्षणी माझ्या आईची आली.

पेढे वाटायची वेळ झाली, तेव्हा आईनं खोका मामाच्या हातात दिला. तोही डाव्या हातानं. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. माझी आई डाव्या हातानं कुणाला पाणीसुद्धा देत नाही. गडबडली असेल, असं मला वाटलं. पाहुणे गाडीत बसले, हात हलवून गेले, मामाही त्यांच्याबरोबर गेला. तुराटी चौकटीपाशीच राहिली.

मी आत गेले. आई मोरीत होती. उकिडवी बसून नळाखाली हात धरला होता आणि भांड्यांच्या साबणानं, काथ्यानं, उजव्या हाताची दोन बोटं घासत होती. घासायची, वास घ्यायची, पुन्हा घासायची. बोटं लालभडक झाली होती. एकदा तिनं वास घेतला आणि तिला जोराची उबळ आली. तोंडातून काही आलं नाही, नुसतंच अंग हललं. तिनं भिंतीला हात टेकून श्वास घेतला आणि पुन्हा साबण लावला.

मला वाटत होतं, तिला काहीच वाटत नाही. माणची बाई, शेणात हात घातलेली, हळदीच्या पोत्यात बसणारी, तिला कसली आलीय शिसारी. ती माझ्याइतकीच किळसली होती. तिनं ती पाहुणे जाईपर्यंत गिळून ठेवली होती. मी शेजारी बसले आणि तिच्या हातावर तांब्यानं पाणी ओतत राहिले.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी त्याला फोन लावला. तो खुशीत होता, आत्याचा फोन त्याला आधीच गेला होता.

"काडीचं तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो, म्हणजे काय? गेल्या महिन्यात एका दिवसासाठी गावाला गेलो होतो ना, तेव्हाच आत्यानं भिंतीला उभं केलं. मीच कापली कोयत्यानं. का गं?"

"मी तुला माझी उंची सांगितली होती."

"हो गं. पण घरच्यांची एक रीत असते. आणि बसली ना काडी? मग झालं."

"आणि नसती बसली तर?"

तो थांबला. डब्यांबद्दल बोलायच्या आधी थांबला होता तसाच. मी वाट बघितली. त्या वेळी त्यानं काहीही चेष्टेचं म्हटलं असतं, तरी मी कदाचित विसरून गेले असते. पुन्हा एकदा फळीवरचे डबे म्हणाला असता तरी चाललं असतं.

"मग काय," तो म्हणाला, "घरच्यांच्या पुढं मी एकटा काय करणार होतो?"

खालच्या रस्त्यावर पाळी सुटलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचे आवाज येत होते. मी त्याला म्हटलं की माझ्याकडून नाही. तो खूप वेळ बोलत राहिला. एवढ्याशा काडीवरून कुणी लग्न मोडतं का, असं तीन-तीनदा विचारलं. मी म्हटलं, एवढ्याशा काडीवरूनच तर ठरत होतं. मग फोन ठेवला आणि तिथंच टाकीला टेकून रडले. मला तो आवडला होता, हे काही खोटं नव्हतं.

आईला सकाळी सांगितलं. ती डब्यासाठी भाकरी थापत होती. उजव्या हाताची बोटं अजून सुजल्यासारखी दिसत होती आणि त्या दोन बोटांवरचा हळदीचा रंग निघून गेला होता, बाकीची तीन पिवळीच होती. मला वाटलं, ती ओरडेल. मामाला काय सांगायचं म्हणेल, आता दुसरं कोण मिळणार म्हणेल. तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मंग मी ती उचलली कशापायी गं?"

हे ती रागानं म्हणाली नाही, तिला खरोखरच विचारायचं होतं.  मी म्हटलं, "माझ्यासाठी उचललीस. पण आता नको उचलू. कुणासमोरच नको."

 भाकरी फुगली, तिनं ती उतरवली, दुसरी थापायला घेतली. खाली कचऱ्याची घंटागाडी आली. गाणं वाजायला लागलं तशी आई उठली. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, चौकटीला टेकलेली तुराटी त्या पिशवीनं धरली आणि जिना उतरली. कचऱ्याची बादली घेऊन मी तिच्या मागं गेले. गाडीवरच्या माणसानं एवढी लांब काडी बघून हात पुढं केला आणि विचारलं, "मावशी, ओला का सुका?"

"घाण हाय," आई म्हणाली. "टाक कशात बी."